सैल जॅक आणि वॅसिलचे स्वयंपाकघर

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर एक लांब ओरखडा आहे. एका बटणावरचे अक्षर घासून घासून पुसले गेले आहे आणि जरा काम पडले की माझा पंखा घुरघुरू लागतो. आता मला फारसे कुणी उघडत नाही. त्यामुळे आठवणी काढायला मला वेळच वेळ आहे. त्यातलीच एक तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत जाताना माझ्यापुढे माझ्यासारखाच एक होता आणि मागेही एक होता, पण आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. कुणीतरी माझ्या कडेला एक लहानसा गोल जॅक बसवला. चार्जरची पिन त्यात जायची आणि वीज माझ्या पोटात यायची. मला त्याचे काही विशेष वाटले नाही. मोठा पडदा, काळीभोर बटणे, वरचा कॅमेरा हे माझे मिरवण्याचे अवयव. जॅककडे कोण बघतो!

मला विकत घेतले स्टीव्ह ह्रिसाक नावाच्या माणसाने. तो कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावात धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले तेव्हा त्याची बायको पॉलीन बीट चिरत होती. लाल झालेले हात तिने वर धरले आणि ती म्हणाली, "हे आणि कशाला? तू त्या खोलीतून मला पत्रं पाठवणार आणि मी या खोलीतून उत्तरं देणार का?"

"तुझ्यामाझ्यासाठी नाहीच आहे ते," स्टीव्ह म्हणाला. "वॅसिलसाठी आहे. आणि त्याला शिवायच्या आधी हात धू."

वॅसिल हा पॉलीनचा थोरला भाऊ. तो जन्मापासून बहिरा होता. आईवडिलांनी त्याला शाळेत पाठवले नाही. शेतावर कामाला दोन हात हवेच होते, आणि बहिऱ्या मुलांची शाळा दूर होती. लिहिणे-वाचणे त्याला आले नाही. पण गोठ्यात आणि गवताच्या गंजीवर खेळता खेळता या दोघा भावंडांनी हातांची एक भाषा तयार केली. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि पुस्तकात तर ती नव्हतीच. हनुवटीखाली रुमालाची गाठ मारली की आई. मिशीला पीळ दिला की वडील. दोन्ही खांद्यांवरून मुठी खाली ओढल्या की पॉलीन, कारण लहानपणी तिच्या दोन लांब वेण्या होत्या. आईवडील गेल्यावर ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती.

वॅसिल उत्तरेकडच्या त्या जुन्या शेतावर एकटाच राहिला होता. पॉलीनचे गाव तिथून गाडीने जवळजवळ दिवसभराच्या अंतरावर. ती उन्हाळ्यात जायची. उरलेले वर्षभर ना फोन उपयोगाचा, ना पत्र. हिवाळा आला की पॉलीनचे हात गप्प व्हायचे. वॅसिलशी तर कुणीच बोलायचे नाही.

म्हणून स्टीव्हने माझ्या जोडीला दुसरा एक लॅपटॉप घेतला, शेतावर नेला, छपरावर इंटरनेटची डिश बसवली आणि वॅसिलच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिवा लावला. मी हाक दिली की तो दिवा उघडमीट करायचा आणि वॅसिलचा पडदा आपोआप जागा व्हायचा. त्याला एकही बटण दाबावे लागत नसे. मात्र माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचीही हाक तिथे पोहोचत नसे. स्टीव्हनेच तसे करून ठेवले होते.

"नाहीतर भलतेसलते लोक त्याच्या स्वयंपाकघरात घुसतील," तो पॉलीनला म्हणाला, "आणि तो बिचारा त्यांना चहा देत बसेल."

पहिल्या दिवशी वॅसिल पडद्याच्या इतका जवळ आला की मला त्याचा नुसता एक डोळा दिसत होता. त्याने पडद्याला बोट लावून पाहिले. मग आपल्या लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिले. मागे कुणी नव्हते. परत समोर येऊन तो खुर्चीवर बसला आणि त्याने हळूच दोन्ही मुठी खांद्यांवरून खाली ओढल्या. पॉलीन रडू लागली आणि त्याच वेळी बोलूही लागली. हातांनी बोलताना रडायला तोंड मोकळे असते, हे मला त्या दिवशी कळले.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. रोज दुपारची भांडी झाली की पॉलीन मला खिडकीपाशी उघडायची. भाऊबहीण काय बोलायचे? मांजरीला पिल्ले झाली. कोबीवर कीड पडली. वडील चर्चमध्ये झोपले आणि खुर्चीवरून पडले होते, आठवते का? बघता बघता मलाही ती भाषा कळू लागली. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे आणि म्हणायचे, "केवढं काम करतं हो हे यंत्र!" मी मनातल्या मनात फुलून जायचो. स्टीव्ह मऊ फडक्याने मला पुसायचा. चार्जर काढताना तो पिनेचे डोके धरून अलगद ओढायचा, वायर कधी ओढत नसे.

मग स्टीव्ह आजारी पडला आणि त्याच वर्षी गेला. पॉलीनने ते वॅसिलला सांगितले तेव्हा तो उठून पडद्याबाहेर गेला. बराच वेळ मला रिकामी खुर्ची दिसत होती. तो परतला तेव्हा त्याने अंगात चर्चला जायचा कोट घातला होता आणि केस ओले करून बसवले होते. तसाच तो तिच्यासमोर बसून राहिला. दोघांचे हात मांडीवर होते.

त्यानंतर माझी काळजी घेणारे कुणी उरले नाही. पॉलीनचे माझ्यावर प्रेम नव्हते असे नाही. उलट ती मला सोडतच नसे. चुलीपाशी, खिडकीपाशी, पलंगावर, जिथे जाईल तिथे मला घेऊन जायची, वायर मागे शेपटासारखी ओढत. एका सकाळी तिची चप्पल त्या वायरीत अडकली. मी कडेवर पडलो, आणि पिन जॅकमध्ये असतानाच माझे सगळे वजन तिच्यावर आले. आत काहीतरी कट्कन मोडले. झाकणावरचा ओरखडा सर्वांना दिसला. आतली मोड कुणाला दिसली नाही.

तेव्हापासून माझा जॅक सैल झाला. वायर जरा हलली की वीज तुटायची. माझी बॅटरी तोवर म्हातारी झाली होती, तिच्यावर मी चार वाक्येसुद्धा तग धरत नसे. पॉलीनने पिनेखाली घडी घातलेला रुमाल ठेवून पाहिला. मग कपड्यांचा चिमटा लावला. शेवटी मटाराच्या डब्याला वायर टेकवली तेव्हा कुठे नीट जमले. तरी मधेच मी काळा पडायचो. सुरुवातीला दोघे हसायची. वॅसिलने मला नावही ठेवले. मान एका बाजूला टाकून तो डोळे मिटायचा. झोपाळू.

पॉलीनची मुलगी सॅन्ड्रा हिने फोनवर आईला सांगितलेही होते. ती दूर कॅलगरी शहरात राहायची. "आई, ते दाखव कुणाला तरी. जॅक जळला तर सगळंच जाईल."

"चालतंय गं अजून," पॉलीन म्हणाली. "मटाराचा डबा आहे ना."

पण सैल जॅक आपोआप घट्ट होत नाही, मित्रांनो. आत ठिणग्या पडून जॅक धरून ठेवणारा धातूचा डाग काळा होत होता आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हते.

त्या हिवाळ्यात वॅसिल अंगणातल्या बर्फावर घसरला. किराणा घेऊन येणारा शेजारी एल्मर पोहोचेपर्यंत तो लाकडांच्या ढिगाशी पडून होता. हाड मोडले नाही, पण पॉलीनचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी तिने मला उघडले आणि तिचे हात भराभर बोलू लागले. तू इकडे ये. इथे खोली आहे. इथे दवाखाना आहे.

वॅसिल म्हणाला, "मांजर?"

"मांजर घेऊन ये."

"चूल? घर? आईनं लावलेलं झाड?"

"झाड काय तुला उचलणार आहे पडल्यावर?"

वॅसिलने नकारार्थी मान हलवली. पॉलीनने त्याला हट्टी म्हटले. त्याने तिला बोलघेवडी म्हटले. हातांचे भांडण फार जोरात असते, टेबल थरथरत होते. वडिलांसारखाच हट्टाने तिथेच मरशील, असे ती म्हणाली. वॅसिलचा चेहरा पडला. तो पाहून पॉलीनचाही राग एकदम ओसरला. तिने हाताची कड हवेत खाली आणली. त्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'पुरे'.

तिला पुढे म्हणायचे होते की पुरे झाले भांडण, तू तिथेच राहा, मी बर्फ वितळल्यावर तुझ्याकडे येईन. पण त्याच हाताचे कोपर डब्याला लागले. डबा गडगडला, पिन निखळली आणि मी काळा पडलो.

पॉलीनने पिन आत खुपसली, फिरवली, दाबली, चिमटा लावला. या वेळी मी जागा झालो नाही. तिकडे वॅसिलने काय पाहिले असेल, ते तुमच्या लक्षात आले असेल. बहिणीने 'पुरे' म्हटले आणि पडदा बंद केला.

पडदा काळा झाला म्हणजे मी मेलो, असे समजू नका. मला ऐकू येत होते, स्पर्श कळत होता. फक्त मला काही दाखवता येत नव्हते.

पॉलीनने एल्मरला फोन केला. एल्मर भिंतीवरच्या जुन्या फोनशिवाय दुसरे काही वापरत नसे आणि त्या फोनवर हात कसे दाखवणार? तरी तो वॅसिलकडे जाऊन आला.

"ठणठणीत आहे तो," एल्मर म्हणाला. "लाकडं फोडतोय. मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं, तर दंड धरून त्यानं मला दारापर्यंत पोहोचवलं."

"म्हणजे हाकललं."

"हाकललंच म्हण. अंड्यांची पाटीसुद्धा परत दिली नाही."

सॅन्ड्राने लगेच एक नवा लॅपटॉप पाठवून दिला. तो पातळ होता, चकचकीत होता आणि त्याचा पंखा अजिबात वाजत नव्हता. पॉलीनने तो टेबलावर ठेवला आणि मुलीला फोन लावला.

"आता वॅसिलला हाक कशी द्यायची?"

"बाबांच्या खात्यात जा. पासवर्ड टाक."

"पासवर्ड बाबांबरोबर गेला, बाई."

"मग नवीन खातं उघड."

"मी उघडीन गं. त्याच्याकडे कोण उघडणार? तिकडे अनोळखी हाक पोहोचतच नाही. तुझ्या बापानं दाराला कुलूप घातलंय आणि किल्ली त्या जुन्याच्या पोटात आहे."

 सॅन्ड्रा म्हणाली, "मी येऊ का?"

"या रस्त्यांवरून? वेडी आहेस का! वसंतात बघू."

पॉलीनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. तिला स्वतःला तिकडे जाणे शक्य नव्हते. शेजाऱ्याच्या गाडीतून ती मला मोठ्या गावातल्या एका दुकानात घेऊन गेली. काउंटरवरच्या माणसाने माझ्या जॅकमध्ये टॉर्च मारली.

"बोर्ड बदलावा लागेल, आजी. आणि हा बोर्ड आता येत नाही. टाकून द्या आणि नवीन घ्या."

"नवीन आहे माझ्याकडे," पॉलीन म्हणाली. "नवीन नकोय मला."

घरी आल्यावर तिने मला कपाटात ठेवले, इस्त्री केलेल्या चादरींच्या खाली. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून मला कसेसेच होते. दुपारची भांडी झाल्याचा आवाज यायचा आणि मी वाट बघायचो. कपाट उघडायचे, चादर निघायची, कपाट बंद व्हायचे. बाहेर टेबलावर नव्या लॅपटॉपवर पॉलीन एकटीच पत्ते खेळत बसायची. मला त्या नव्याचा राग आला नाही. त्यालाही कुणी हाक मारत नव्हते.

गावातल्या बायका दर आठवड्याला चर्चच्या तळघरात जमून पेरोग्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या करायच्या. पॉलीन त्यात सर्वांत जलद. पण त्या दिवसांत तिच्या पेरोग्यांच्या कडा सुटू लागल्या. शेजारी कणीक लाटणाऱ्या मारिलूच्या ते लक्षात आले. मारिलू फिलिपीन्सहून आलेली. ती गावातल्या वृद्धाश्रमात काम करायची आणि सगळ्या म्हाताऱ्यांना नात्याने हाक मारायची. मावशीला तिच्याकडे 'तिता' म्हणतात.

"तिता पॉलीन, तुमच्या पेरोगीनं तोंड उघडलंय," ती म्हणाली. "तिला काहीतरी सांगायचंय."

पॉलीनने मग सगळे सांगितले. मारिलूने हात पुसले. "मला बघू द्या. तिकडे इलोइलोला माझ्या मामाचं दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजची सगळी वर्षं तिथेच बसले मी. होईल असं सांगत नाही हं. बघीन एवढंच."

अशा रीतीने मी कपाटातून बाहेर आलो. मारिलूने मला पॉलीनच्याच टेबलावर उलटे ठेवले, बॅटरी काढली आणि स्क्रू सोडवायला घेतले. पॉलीनने केकचा खळग्यांचा साचा पुढे केला. लांब स्क्रू एका खळग्यात, आखूड दुसऱ्यात. माझे पाठीचे आवरण निघाले तेव्हा पंख्यातून धुळीचा गोळा बाहेर पडला.

"हे काय, मांजर पाळलंय की काय आत?" मारिलू म्हणाली. मग ती वाकली आणि तिचा आवाज बदलला. "हे बघा. जॅकचे पाय बोर्डाला ज्या डागांनी धरलेत ते तडकलेत. हा एक तर जळून काळा झालाय. बोर्ड मात्र चांगला दिसतोय. जॅक बदलायला हवा."

नवा जॅक टपालाने यायचा होता. तो येईपर्यंत मी उघड्या पोटाने एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होतो. पॉलीन येता-जाता खोक्यात डोकवायची आणि वर रुमाल पांघरायची, धूळ बसू नये म्हणून.

पुढच्या रविवारी मारिलू डाग द्यायची सोल्डरिंगची गन घेऊन आली. जॅकचे दोन पाय पटकन सुटले. तिसरा सुटेना. बोर्डातले तांबे सगळी उष्णता पिऊन टाकत होते. तिने त्यावर डाग द्यायचा नवा धातू लावला, पुन्हा तापवले आणि हळूच ओढले. जॅक निघाला, पण त्याच्या पायाबरोबर तांब्याची एक बारीक चकतीही उचलली गेली.

"देवा रे!" मारिलू हळू आवाजात म्हणाली.

"काय झालं?"

"जिथे जोडायचं, ती जागाच निघून आली हातात."

पॉलीनने खुर्चीचा हात धरला. "म्हणजे संपलं?"

 मारिलू बराच वेळ बोर्डावर भिंग धरून बसली होती. मग तिने केसाएवढी बारीक तार घेतली. नवा जॅक बसवून त्याच्या पायापासून ती तार बोर्डावर पुढे जिथे तांबे शाबूत होते तिथपर्यंत नेली आणि चिकटवली. चार्जर लावला.

माझ्या कडेचा लहान दिवा लागला नाही.

 मारिलूने मीटरच्या सुया एकेका ठिकाणी टेकवून पाहिल्या. "डाग नीट धरला नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "घाई केली मी." तिने तारेचे टोक पुन्हा तापवले आणि ते गार होईपर्यंत श्वास धरून ठेवला.

या वेळी दिवा लागला. नारिंगी. माझ्या पोटात वीज आली, मित्रांनो, आणि ती तुटली नाही. मारिलूने पिन डावीउजवीकडे हलवून पाहिली. तरीही तुटली नाही.

पॉलीनने तिला काय हवे म्हणून विचारले. मारिलूने पेरोग्यांची एक पिशवी मागून घेतली. दारात बूट चढवताना ती म्हणाली, "माझी आईपण अशीच एका पडद्यात राहते, तिता. म्हणून आले मी." आणि मग दटावल्यासारखे बोट दाखवून म्हणाली, "वायर ओढायची नाही. डोकं धरून काढायची. आणि चालताना याला घेऊन नाचायचं नाही."

ती गेल्यावर पॉलीनने केस विंचरले, मला खिडकीपाशी ठेवले आणि हाक दिली.

वॅसिलचा पडदा आपोआप जागा झाला. मला त्याचे स्वयंपाकघर दिसले. तोच पिवळा ओटा, तीच मांजर. भिंतीवरचा दिवा उघडमीट करून थांबला. वॅसिल चुलीपाशी बसला होता. त्याने वळून पाहिले, पॉलीनला ओळखले आणि खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली.

ऐकू येणाऱ्या माणसाने पाठ केली तरी त्याला हाक मारता येते. वॅसिलने पाठ केल्यावर पॉलीनची भाषाच संपली. तिचे हात हवेत उठले आणि तसेच राहिले. नंतर तिने ते खाली घेतले. ती उठली, बटाट्यांची टोपली घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून सोलू लागली.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. वॅसिलने चुलीत लाकूड घातले. पॉलीनने बटाटा सोलला. त्याने मांजरीला दूध दिले. तिने दुसरा घेतला. वॅसिल आमच्याकडे बघत नव्हता, पण हाक तोडायलाही येत नव्हता. पूर्वीचा मी असतो तर एव्हाना कितीदा काळा पडलो असतो आणि त्याची खात्रीच पटली असती की ही पुन्हा निघून गेली. मी सगळे लक्ष त्या बारीक तारेवर ठेवले. वीज येत राहिली. पंखा घुरघुरत राहिला. खिडकीतला उजेड पिवळा झाला तरी पॉलीन तिथेच होती. एवढे बटाटे तिला एकटीला काय करायचे होते, देव जाणे.

शेवटी वॅसिल किटली घ्यायला उठला आणि जाता जाता त्याची नजर पडद्यावर पडली. तो थांबला. त्याने बटाट्यांचा ढीग पाहिला. मग तो जवळ आला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि विचारले, "लग्न आहे का कुणाचं?"

पॉलीनने सुरी टाकली. तिचे हात ओले होते. तिने ते पुसलेही नाहीत. ती म्हणाली, "पुरे झालं भांडण. तू तिथेच राहा. बर्फ वितळल्यावर मी येईन. हे म्हणायचं होतं मला. झोपाळू मधेच मेला."

वॅसिल पडद्यापाशी वाकला. मग त्याने विचारले, "झोपाळू मेला होता?"

"मेला होता. एका मुलीनं उठवला."

वॅसिलने खुर्ची ओढली आणि समोर बसला. त्याने मान डोलावली नाही की माफी मागितली नाही. भांडताना पॉलीन त्याच्या मरणाचे का बोलली होती, तेही त्याने विचारले नाही. तो म्हणाला, "तू गेल्यापासून मांजर खात नाहीये." मांजर त्याच्यामागे वाटी चाटत होती.

वॅसिल शेतावरच राहिला. पॉलीन उन्हाळ्यात गेली, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही गेली. मधल्या सगळ्या दुपारी मी त्यांची गाठ घालून दिली आणि एकदाही काळा पडलो नाही. पॉलीन मला एकाच जागी ठेवायची आणि पिन डोके धरून काढायची.

मग एका शरद ऋतूत वॅसिल झोपेतच गेला. पॉलीन आणि सॅन्ड्रा तिकडे जाऊन आल्या. परत आल्यावर बरेच दिवस पॉलीनने मला हात लावला नाही. आणि मग एका दुपारी भांडी झाल्यावर ती आली, मला उघडले आणि हाक दिली.

तिकडचा पडदा जागा झाला. तो आपोआपच जागा व्हायचा ना! पिवळा ओटा दिसला. खुर्ची दिसली. मांजर एल्मरने आपल्या घरी नेली होती. पॉलीन त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. त्यानंतर रोजच. एकदा तिने त्या खुर्चीला कोबीच्या किडीबद्दल काहीतरी सांगितले. तिचे हात बोलताना पाहून मला फार बरे वाटले आणि फार वाईटही वाटले. जगात ती भाषा येणारे आता आम्ही दोघेच होतो, आणि मला हात नाहीत.

पहिला बर्फ पडायच्या आत तिने एल्मरला फोन केला. "तिकडची वीज बंद करायला हवी, एल्मर. तो लॅपटॉपपण. मी समोर असताना कर."

एल्मर आला. टोपी काढून तो वॅसिलच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. तो कधी पडद्यासमोर बसला नव्हता. कुठे बघावे ते त्याला कळेना. पॉलीनने मानेने त्याला चार्जर दाखवला. एल्मर वाकला, पण लगेच परत सरळ झाला. मग त्याने अवघडून उजव्या हाताची बोटे जुळवली, ओठांपाशी नेली आणि तळवा पॉलीनपुढे उघडला.

 त्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'जेवलीस का?'

"किराणा घेऊन जायचो ना," एल्मर मोठ्याने म्हणाला, जणू पॉलीनच बहिरी होती. "दर वेळी हेच विचारायचा. दुसरं काही येत नाही मला."

पॉलीनने हातानेच उत्तर दिले, "जेवले." आणि मग तिने त्यालाही विचारले. एल्मरने मान डोलावली. त्याने पिनेचे डोके धरले, हळूच ओढले आणि माझ्या पडद्यावरचे ते स्वयंपाकघर मावळले.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. तुमच्या घरातल्या यंत्रांची वायर ओढू नका. कडेचा एखादा जॅक सैल वाटला तर तो तुटायची वाट बघू नका. आणि कुणी जुने झाले, मधेच गप्प होऊ लागले, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. त्याच्या पोटात कुणाच्या घराची किल्ली आहे, ते बाहेरून दिसत नाही.

पॉलीन आता मला क्वचितच उघडते. एल्मर कधीमधी भिंतीवरच्या फोनवरून तिची चौकशी करतो. मी खिडकीपाशी, माझ्या जुन्याच जागी आहे. झाकण मिटलेले असते, पण जॅक अजून घट्ट आहे. कुणी पिन लावली तर मी लगेच जागा होईन.